पायांमधून गेलेला चेंडू

९ जानेवारी १९८४, सोमवार

डॉक्टर म्हणतात, घशाला विश्रांती द्या, दिवसाला शंभर शब्दांच्या वर बोलू नका. एकतीस वर्षं रेडिओवर बोलून पोट भरलेल्या माणसाला हे सांगायचं! बायकोने, ओफेलियाने, बाजारातून ही वही आणून दिली. म्हणाली, "उरलेले शब्द यात टाक. मला नको ऐकवूस."

आज इंजिनिअर रेबोयेदो घरी आले. आमच्या 'बगळे' बेसबॉल संघाचे मालक, स्वतः माझ्या दारात! बाहेर उत्तरेचा वारा असा सुटलेला की बंदरावरची वाळू दाताखाली येत होती. झुलत्या खुर्चीत बसून टोपी गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "डॉन फ्लोरेंसिओ, संघाला यंदा पस्तीस वर्षं होतायत. इतिहास छापायचाय. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? सान हेलासिओ गावाचा आवाज तुम्ही."

साठ पानं, फोटोंसकट. सतरा मार्चला हंगामाचा पहिला सामना, तेव्हा पुस्तिका मैदानावर वाटायची. मी लगेच हो म्हणालो. सरळ सांगायचं तर हो म्हणायला फार घाई केली.

ते गेल्यावर ओफेलिया म्हणाली, "पस्तीसच का? लोक पंचवीस साजरी करतात, पन्नास करतात."

"तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं."

"मला दिसतं," ती म्हणाली, "तेच तर."

हे काय उत्तर झालं?

१२ जानेवारी

सुरुवात चांगली झाली. १९४९. गोदीतले हमाल आणि बर्फाच्या कारखान्यातले कामगार, दोघांचे दोन संघ होते. दर रविवारी मारामारी व्हायची. शेवटी पाद्री वैतागून म्हणाला, एकत्र खेळा आणि दुसऱ्या गावच्यांना मारा. दलदलीत भर टाकून मैदान केलं. बसायची फळकुटं किनाऱ्याला लागून फुटलेल्या एका मालवाहू जहाजाची. बगळे मात्र दलदल सोडून जायला तयार नव्हते, खेळ चालू असताना मैदानाच्या टोकाला एका पायावर उभे असायचे. म्हणून संघाचं नाव गार्सास, बगळे.

पहिल्या वर्षी चौऱ्याऐंशी सामने, जिंकले एकोणीस. तरी जत्रेला यावी तशी माणसं यायची.

चार पानं एका बैठकीत झाली. हात दुखतो, पण गोड दुखतो.

१९ जानेवारी

१९५६ चं अजिंक्यपद लिहून झालं. अग्निशमन दलाच्या गाडीवरून मिरवणूक, आणि बिशपांच्या अंगठीचं चुंबन घेताना आमच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, तोंडातली तंबाखू! लिहिताना एकटाच हसत होतो. परगावच्या सामन्यांना जायला रेडिओकडे पैसे नसायचे. तारेने येणाऱ्या दोन-दोन ओळींवरून मी स्टुडिओत बसून अख्खा सामना उभा करायचो. तारेत यायचं 'माल्पिका बाद', की मी त्याला धावायला लावायचो, घसरायला लावायचो, धूळ उडवायचो. लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिल आपटली की बॅटचा आवाज. लोक गल्लीत रेडिओभोवती जमून रडायचे.

मासळी बाजारात आजही कोळणी मला पैशापेक्षा जास्त कोळंबी देतात. "आवाज आला!" म्हणतात.

२३ जानेवारी

इंजिनिअरच्या कचेरीत गेलो होतो. त्यांना १९६१ चं प्रकरण सगळ्यात मोठं हवंय. "मांतेकाशिवाय बगळ्यांचा इतिहास म्हणजे मिठाशिवाय मासा," म्हणाले. शिवाय उद्घाटनाचा पहिला चेंडू मांतेकाच टाकणार. त्याला निरोप गेला, तो हो म्हणालासुद्धा. गंमत अशी की त्याच्या हातात जो चेंडू द्यायचा त्याला आधीच डुकराची चरबी चोळून ठेवायची. चेंडू सुटणार, मैदान हसणार. मीही हसलो. कल्पना वाईट नाही.

नाव मीच ठेवलेलं. मांतेका म्हणजे चरबी. सत्तावीस ऑगस्ट १९६१, रविवार, अंतिम मालिकेचा सातवा सामना, आमच्याच मैदानावर. नववी, शेवटची इनिंग. आम्ही तीन, पाहुणे दोन. त्यांचे दोन बाद, दोघे बेसवर. तिसरा बाद केला की अजिंक्यपदाचा पेला ओठांना लागला. बॅटरने सरपटता, साधा चेंडू मारला, शेंबड्या पोरानेही अडवला असता असा. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, सेल्सो माल्पिका उभा होता. सत्तावीस वर्षांचा, अख्ख्या लीगमधले सगळ्यात खात्रीचे हात. चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. दोघे धावत होम बेसला पोचले, दोन धावा. चार-तीन. मी माइकमध्ये ओरडलो, "पायांमधून! हातांना मांतेका चोळून आलाय का हा!"

दुसऱ्या दिवशी गावाने त्याचं बारसं केलेलं होतं.

संध्याकाळी ओफेलियाला चरबीच्या चेंडूची गंमत सांगितली. ती चॉकलेट घुसळत होती, ते तशीच घुसळत राहिली, पार फेस उतू जाईपर्यंत. काहीतरी बिनसलंय तिचं. बहुधा वाऱ्याने गुडघे दुखत असतील.

३० जानेवारी

निकानोर तेहेदाच्या विधवेकडे जाऊन आलो. निकानोर आमचा अधिकृत गुणलेखक होता. कुठला चेंडू बॅटरची कमाई आणि कुठला क्षेत्ररक्षकाची चूक, हे तोच ठरवायचा. बाईने त्याचे सगळे कागद बुटांच्या खोक्यांत वर्षावार लावून ठेवलेत.

१९६१ चा कागद काढला. त्या चेंडूपुढे त्याने चूक लिहिलेली नाही. हिट लिहिलंय. बॅटरची कमाई.

निकानोर मवाळ माणूस. पोराची दया आली असेल. शिवाय तो सेल्सोच्या बहिणीच्या मुलीचा धर्मपिता होता. ओळखी कुठे सुटतात?

समासात पेन्सिलने एक बारीक शब्द आहे. चष्मा पुसून वाचला. 'खडा' असं वाचता येतं. दुसरंही काही असू शकेल. निकानोरचं अक्षर कधीच धड नव्हतं.

नंतरचंही पाहिलं. आमची पाळी अजून बाकी होती, हे मी विसरूनच गेलो होतो! आमचे तीन जण लागोपाठ बाद झाले, त्यातले दोघे तर चेंडूला बॅटही न लावता. ती तीन नावं वाचूनसुद्धा चेहरे आठवेनात. त्यांना गावाने काही नाव ठेवलं नाही.

२ फेब्रुवारी

आज कांदेलारियाचा सण, घरोघरी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल. ओफेलियाने पहाटे उठून केळीच्या पानात चाळीस बांधले. जेवताना मी सहज म्हणालो की निकानोरने चेंडू हिट लिहिलाय, गंमतच आहे.

तिने काटा खाली ठेवला. "खडा होता."

"काय?"

"चेंडू खड्यावर आपटला आणि उडाला. त्याच्या डाव्या खांद्यावरून गेला. पायांमधून नाही गेला, फ्लोरेंसिओ."

"तुला कसं ठाऊक?"

"मी तिथे होते. तिसऱ्या बेसच्या बाजूला, चौथ्या रांगेत, माझ्या बहिणीबरोबर. एवढं विसरलास? घरी आल्यावर सांगितलं होतं तुला. तू बूट काढत होतास. तू म्हणालास, बायकांना बेसबॉलमधलं काय कळतं."

"मी असं म्हणालो?"

"बूटही नाही काढलास पुरता. एक पायात, एक हातात."

"मग पुन्हा का नाही बोललीस? तेवीस वर्षं?"

"पहिल्या आठवड्यात दोनदा बोलले. मग गावात गाणं झालं त्यावर. तू खूश होतास. मी गप्प बसले. ते माझं पाप, ते मी माझ्या कबुलीत पाद्रीला सांगितलंय. तुझं तू बघ."

तमाल तसेच राहिले. चाळीसातले चार संपले.

५ फेब्रुवारी

तीन दिवस लिहायचं टाळलं. आता लिहितो.

मी पाहिलं नव्हतं.

साबणाची जाहिरात वाचायची राहिली होती. नवव्या इनिंगआधी वाचायची असा करार होता, खेळाच्या भरात मी विसरलो होतो. दोन बाद झाले तेव्हा आठवलं. पिचर जरा रेंगाळत होता, मला वाटलं आहे वेळ. मान खाली घालून कार्डावरून वाचायला लागलो: कपडे बगळ्यासारखे पांढरे. बॅटचा आवाज आला. मान वर केली तेव्हा चेंडू लांब गवतात पळत होता आणि सेल्सो गुडघ्यावर, मागे वळून बघत होता.

रेडिओवर गप्प बसता येत नाही. गप्प बसलं की लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. एका श्वासाएवढा वेळ असतो. गुडघ्यावर बसलेला माणूस आणि त्याच्या मागे चेंडू! मी पायांमधून म्हणालो. तारेच्या दोन ओळींवरून मी रोज हेच करायचो ना? आणि मग ती चरबीची कोटी सुचली. सुचल्यावर राहवलं नाही.

शेजारी वर्तमानपत्राचा वार्ताहर वाकून सांडलेली कॉफी पुसत होता. त्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तेच छापून आलं. मैदानात सहा हजार माणसं होती, गावात चाळीस हजार. चाळीस हजारांनी मला ऐकलं. वर्षभरात त्या सहा हजारांनाही पायांमधून गेलेलाच आठवायला लागला. मलासुद्धा. ही मी सबब देत नाही. खरंच, मला तो चेंडू पायांमधून जाताना दिसतो. आज, हे लिहितानासुद्धा.

१४ फेब्रुवारी

सेल्सोकडे गेलो.

पुढच्याच हंगामात संघाने त्याला सोडलं होतं. प्रत्येक सरपटत्या चेंडूला मैदान त्याच्या नावाने ओरडायचं, मग त्याच्या हातांतून चेंडू खरोखरच सुटायला लागले. तेव्हापासून बर्फाच्या कारखान्यात आहे. मागच्या दाराशी ट्रक उभा होता. सेल्सो लोखंडी आकड्याने बर्फाच्या लाद्या फळीवरून वर ढकलत होता. केस पांढरे, खांदे अजून खेळाडूचे.

ट्रकवरचा एक जण ओरडला, "ए मांतेका, नीट धर रे! पायांमधून जाईल!"

सगळे हसले. सेल्सोही हसला, खोकला यावा तसं. मग मला पाहिलं आणि टोपी काढली. "डॉन फ्लोरेंसिओ! तुम्ही? आणि इकडे?"

आम्ही भुशाच्या पोत्यांवर बसलो. मी बोलायच्या आधीच तो बोलायला लागला. "ऐकलंत ना? सतरा तारखेला मी टाकणार पहिला चेंडू. नेरेइदा येतेय, माझी लेक, पुएब्लात मास्तरीण आहे. तेवीस वर्षांत मैदानात पाय ठेवला नाही मी. तिकीट काढून आत जायची छातीच झाली नाही. भिंतीबाहेरून आवाज ऐकायचो."

मी सांगितलं. साबण, मान खाली, गुडघे, निकानोरचा कागद, ओफेलिया. घसा जळत होता.

तो आकड्याच्या टोकाने फरशीवरचा बर्फ खरवडत राहिला. मग म्हणाला, "नाही, डॉन फ्लोरेंसिओ. पायांमधूनच गेला."

"खडा होता, सेल्सो."

"मी तिथे होतो. मी रोज बघतो तो. ग्लोव्हच्या खालून, दोन पायांच्या मधून."

"ते तू पाहिलेलं नाहीस. ते तू माझ्याकडून ऐकलंयस."

ट्रक भरून निघून गेला.

"समजा खडा होता," तो म्हणाला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

बूट हातात घेऊन बसलेलो मी, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

"स्वतःला माफ करायला दहा वर्षं लागली मला. बायको त्यातच सोडून गेली. नेरेइदाला शाळेत चरबीची पोर म्हणायचे. रडत घरी यायची. मी तिला सांगायचो, बाळे, बाप चुकला, पण चूक कबूल करून ताठ उभा राहिला की नाही? त्यावर वाढली ती. आता तिला काय सांगू? चूक झालीच नव्हती? बापाने तेवीस वर्षं वाहिलं ते दुसऱ्याचं सामान होतं?"

"मला वाटलं, ऐकून तुला बरं वाटेल."

"तुम्हाला वाटलं का?"

मी खाली बघितलं. वाटलं होतं. सांगताना एकेक दगड छातीवरून उतरत होता, आणि कुठे उतरतोय ते मी पाहिलं नव्हतं.

"मग झालं तर," सेल्सो म्हणाला. "आता हे कुणाला सांगू नका. शब्द द्या."

दिला. हात मिळवला. त्याचा हात बर्फाने गार होता आणि पकड अशी की माझी बोटं अजून दुखतायत.

२२ फेब्रुवारी

इंजिनिअरला म्हणालो, चरबीचा चेंडू रद्द करा.

"का? लोकांना हसायचं असतं."

"तो लेकीला बोलावतोय. त्याला वाटतंय, मान मिळतोय."

"मिळतोयच की."

"मग एकसष्टचं प्रकरण मी लिहीत नाही."

ते उठले, दार लावून आले आणि आवाज खाली आणला. संघ विकलाय. पुढच्या हंगामापासून बगळे उत्तरेत, वाळवंटातल्या एका शहरात. सह्या डिसेंबरातच झाल्या. म्हणजे माझ्या दारात आले त्याच्या आधी. "जाताना लोकांच्या हातात काहीतरी द्यायला नको का, डॉन फ्लोरेंसिओ? ते प्रकरण म्हणजे पुस्तिकेचा जीव. नाहीतर नुसता म्हाताऱ्यांच्या फोटोंचा अल्बम."

पस्तीसच का, ते आता कळलं. छत्तिसावं वर्ष नव्हतंच.

सौदा असा ठरला: रेडिओवर सांगायचो तसंच प्रकरण मी लिहायचं, शब्दाला शब्द. ते कोरडा चेंडू देणार.

घरी येऊन ओफेलियाला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आणि लिहिणार तू?"

"शब्द दिलाय सेल्सोला. खरं लिहिता येत नाही, आणि नाही लिहिलं तर चरबी."

"बरा अडकलायस," ती म्हणाली, पण हात माझ्या पाठीवर होता.

८ मार्च

काल राखेचा बुधवार, चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि लिहायला बसलो. तीन तासांत प्रकरण झालं. झरझर आलं. 'चेंडू सरपटत आला, साधा, गरीब, आणि माल्पिकाच्या पायांमधून...' एकसष्ट साली निदान मला माहीत नव्हतं. काल माहीत होतं.

ओफेलियाने वाचलं. "छान लिहिलंयस," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मार्च, शनिवार

मैदान भरलं होतं. संघ जातोय हे बहुतेकांना अजून ठाऊक नाही. भाजलेली कणसं, बिअर, ढोल. माइक मला एका मिनिटासाठी दिला होता. घशातून जे निघालं त्यात म्हणालो, "शॉर्टस्टॉप. सहा नंबर. सेल्सो माल्पिका." पुढे काही लावलं नाही. बाकीचं मैदानानेच लावलं: मांतेका! मांतेका! चार हजार तोंडं.

तो बाहेर आला. जुना सदरा, पोटावर जरा ताणलेला. चेंडू हातात घेतला तेव्हा मी त्याची बोटंच बघत राहिलो, इंजिनिअरचा काय भरवसा. पण चेंडू कोरडा होता. सेल्सोने तो बोटांत फिरवला, शिवण चाचपली आणि फेकला. सरळ, कमरेच्या उंचीवर, थेट ग्लोव्हमध्ये. हसायला तोंड उघडून बसलेल्यांची तोंडं तशीच राहिली. मग टाळ्या. उभं राहून टाळ्या.

मी कठड्याला धरून उभा होतो. शेजारी निळ्या पोशाखातली एक बाई येऊन उभी राहिली, तिशीची, बापासारखे खांदे.

"डॉन फ्लोरेंसिओ, मी नेरेइदा. एक विचारायचंय. चेंडू खरंच पायांमधून गेला होता?"

मी मैदानाकडे बघितलं. "गेला होता."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात मुलांकडे असंच बघत असेल. "बाबा म्हणाले होते, तुम्ही हेच सांगाल. शब्द दिलाय म्हणून."

"म्हणजे त्याने तुला..."

"बसस्टँडवरून घरी जाताना. खडा, साबण, सगळं. मला फक्त बघायचं होतं की तुम्हाला गप्प बसता येतं का." मग म्हणाली, "येतं. जरा उशिरा आलं."

मी पुन्हा मैदानाकडे बघायला लागलो.

"बाबा आणखी एक म्हणाले. तो खडा त्यांनी त्या दिवशी सकाळी सरावाच्या वेळी पाहिला होता म्हणे. पायाने उडवायचा राहून गेला. म्हणजे चूक त्यांचीच."

"ते शक्य नाही," मी म्हणालो. घसा विसरून बोललो. "दुपारी मैदान झाडायचे. मग वरून जाड दोरांची जाळी ओढायचे, दोनदा. सकाळचा खडा संध्याकाळी तिथे असूच शकत नाही."

"मग सांगा ना त्यांना. माझं नाही ऐकायचे. तुमचं मात्र सगळं ऐकतात." ती थांबली. "तेच तर झालं ना."

मी वळलो. सेल्सोभोवती गर्दी होती. लोक पुस्तिका पुढे करत होते, एकसष्टच्या पानावर सही मागत होते, आणि तो प्रत्येकाला नाव विचारून, पान मांडीवर ठेवून सावकाश सही करत होता. रांगेत ओफेलियाही होती. त्या गर्दीत जाऊन त्याच्याशी कसं बोलायचं ते मला सुचेना. मी तसाच उभा राहिलो, तोवर सामना सुरू झाला.

घरी आल्यावर ओफेलियाने पुस्तिका टेबलावर उघडून ठेवली. चित्रात चेंडू दोन पायांच्या मधून जातोय. खाली त्याने लिहिलंय: 'डोन्या ओफेलियाबाईंना, आदराने, मांतेका माल्पिका.'

"झाडण्याचं सांगितलंस त्याला?" तिने विचारलं. वाटेत मी तिला नेरेइदाचं बोलणं सांगितलं होतं.

"गर्दी होती."

"ते उद्या जातायत. लेक त्याला घेऊन चाललीय, कायमचं. म्हणते, लाद्या ढकलणं पुरे झालं. सातची बस." आणि माझे बूट उचलून दाराशी ठेवले.

१८ मार्च, रविवार

बसस्टँडवर सव्वासहालाच पोचलो. सेल्सोजवळ एक सूटकेस आणि एक दोरीने बांधलेलं खोकं. नेरेइदा तिकिटं दाखवत होती. तो खिडकीशी बसला तेव्हा मी काचेवर टकटक केलं. त्याने काच खाली सरकवली.

"सेल्सो, मैदान दुपारी झाडायचे. जाळी ओढायचे, दोनदा. तू सकाळी पाहिलेला खडा तो नव्हेच."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी शॉर्टस्टॉप होतो, डॉन फ्लोरेंसिओ. पायाखालची जमीन कधी झाडतात हे मला माहीत नसेल?"

"मग लेकीला तसं का सांगितलंस?"

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. सेल्सोला जरा वाकून बोलावं लागलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कुणाला वाटेचा पत्ता सांगावा तसं बोलला.

"इतकी वर्षं सांभाळलीय मी ती चूक. काहीतरी माझं असायला नको का त्यात? सगळंच तुमचं कसं होईल?"

गाडी हलली. त्याने हात वर केला, मीही केला. फाटकाशी वळताना नेरेइदाने काच लावून घेतली, वारा येत होता.

ओफेलिया बाकावर वाट बघत होती. काय म्हणाला ते तिला सांगितलं. उठताना तिने माझा आधार घेतला, की मला दिला, कोण जाणे. घरी आलो, कॉफी झाली, जेवण झालं. आता दुपारचे चार वाजलेत आणि मी अजून त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं ते शोधतोय.